आग्यामोहोळ, शहाबादी फरशी आणि साडेतीनशे कोटी वर्षं

पृथ्वीवरच्या सुरुवातीच्या जीवसृष्टीबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बऱ्याच पत्रांत मिलियन-बिलियनचा गोंधळ होता, म्हणून इथे सगळी वयं कोटीत दिली आहेत. इंग्रजी बातमीतला एक बिलियन म्हणजे आपले शंभर कोटी.

प्रश्न: सर्वांत जुने जीवाश्म ३७० कोटी वर्षांपूर्वीचे की ३४८ कोटी? दोन्ही आकडे वाचनात येतात. (विद्यार्थिनी, नागपूर)

३४८ कोटी धरा. ३७० कोटींचा आकडा ग्रीनलंडमधल्या इसुआ पट्ट्याचा आहे. २०१६ साली तिथे १ ते ४ सेंटिमीटर उंचीचे शंकूसारखे उंचवटे सापडले आणि ते स्ट्रोमॅटोलाइट असल्याचं जाहीर झालं. स्ट्रोमॅटोलाइट म्हणजे उथळ पाण्यात सूक्ष्मजीवांची चिकट साय धरते, तिच्यावर बारीक गाळ अडकतो, त्यावर पुन्हा साय धरते, आणि असे थर चढत चढत शेवटी दगड होतो तो. दोनच वर्षांनी भूवैज्ञानिक अबिगेल ऑलवुड आणि त्यांचे सहकारी त्याच जागी गेले आणि त्यांनी तोच दगड वेगवेगळ्या बाजूंनी पाहिला. समोरून शंकू दिसणारी वस्तू बाजूने पाहिल्यावर लांबलचक वरंबा निघाली. वरंब्याची दिशा खडक ज्या दिशेने ताणला गेला तीच होती, आणि आत थरांची पुटं नव्हती. हा खडक जमिनीखाली उष्णतेने आणि दाबाने कणकेसारखा तिंबला गेलेला आहे. अशा खडकात नुसत्या आकारावर विसंबता येत नाही.

३४८ कोटींचा आकडा पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागातल्या ड्रेसर खडकांचा. जागेचं नाव 'नॉर्थ पोल', कारण तिथे उन्हाळ्यात भट्टी पेटते; नाव ठेवणाऱ्याची ती थट्टा. तिथून जवळच ३४३ कोटी वर्षांचा स्ट्रेली पूल हा थर आहे, आणि आमच्या मते सगळ्यांत भक्कम पुरावा तोच. साधारण दहा किलोमीटरच्या पट्ट्यात तिथे सात प्रकारच्या आकारांचे स्ट्रोमॅटोलाइट आहेत, आणि पाण्याची खोली बदलली की प्रकारही बदलतो. काही शंकूंचे उतार इतके उभे आहेत की सुटी वाळू त्यावर थांबलीच नसती. काहीतरी चिकट असल्याशिवाय ते जमत नाही. पुटं शेंड्याशी जाड आणि कडेला पातळ होत जातात, हीसुद्धा वाढीची खूण.

इसुआच्या खडकांतला कार्बनचा पुरावा मात्र वेगळा मोजावा. जीव कार्बन-१३पेक्षा हलका कार्बन-१२ जास्त उचलतात, आणि तिथल्या ग्राफाइटमध्ये तसा कल दिसतो. तो पुरावा २०१६च्या शंकूंबरोबर बाद झालेला नाही. ऑस्ट्रेलियातल्याच जॅक हिल्समधल्या एका ४१० कोटी वर्षांच्या झिरकॉन (एक फार टिकाऊ खनिज) स्फटिकातही असं हलकं ग्राफाइट मिळालं आहे, पण एका स्फटिकावर आम्ही पैज लावणार नाही.

प्रश्न: भीमबेटकाच्या गुहेत ५५ कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी सापडल्याची बातमी वाचली होती. आम्ही सहलीला जाणार आहोत. तो नेमका कुठे बघायला मिळेल? (निवृत्त अधिकारी, पुणे)

गुहा जरूर बघा. विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ साली जगासमोर आणलेली ती शैलचित्रं कितीही वेळा पाहिली तरी कमीच. तो प्राणी मात्र आता नाही. खरं तर तो कधीच नव्हता.

२०२० साली काही भूवैज्ञानिकांना 'ऑडिटोरियम' गुहेच्या छतावर पानासारखी, मधल्या रेषेपासून दोन्हीकडे फासळ्या फुटल्यासारखी आकृती दिसली. डिकिन्सोनिया या एडियाकारन काळातल्या, म्हणजे कँब्रियनच्या लगेच आधीच्या काळातल्या, चपट्या, मऊ अंगाच्या प्राण्याशी ती हुबेहूब जुळत होती. छत उंच आणि जागा संरक्षित, त्यामुळे नमुना काढणं शक्य नव्हतं. सगळा निष्कर्ष छायाचित्रांवरून निघाला. तो छापून आला आणि बातमी जगभर गेली. पुढे फ्लोरिडा विद्यापीठातले जोसेफ मीर्ट आणि त्यांचे भारतीय सहकारी गुहेत गेले, तेव्हा तो 'जीवाश्म' छतापासून सुटून सोलत चालला होता. पंचावन्न कोटी वर्षं टिकलेली वस्तू दोन-तीन वर्षांत सोलत नाही. तो आग्या माश्यांच्या जुन्या पोळ्याचा उरलेला भाग होता.

आग्यामोहोळाचं पोळं एकच असतं, उघडं, कड्याच्या खालच्या अंगाला सरळ चिकटवलेलं. माश्या उठून गेल्या की पोळं गळतं आणि खडकाला धरून बसलेला मेणाचा पट्टा तेवढा राहतो, लांबट आणि बाजूंना रेघा सुटलेला. सह्याद्रीत कड्याखालून चालणाऱ्यांनी असे काळपट डाग शेकड्याने पाहिले असतील. २०२३ साली मीर्ट यांच्या गटाने ही दुरुस्ती छापली आणि मथळ्यात मधमाशीच्या डंखावर शब्दखेळही केला. मूळ लेखकांनीही चूक मोकळेपणाने मान्य केली. ती गोष्ट आम्हाला शोधाइतकीच महत्त्वाची वाटते.

यात नुकसान फक्त एका प्राण्याचं नव्हतं. ही गुहा ज्या विंध्य खडकांत आहे, त्यांच्या वरच्या थरांचं वय त्या आकृतीवरून ५५ कोटी ठरवलं गेलं होतं, तर झिरकॉनच्या वयांवरून तेच थर सुमारे १०० कोटी वर्षांचे असल्याचं दुसरा गट सांगत होता. पोळं गळालं आणि पहिल्या बाजूचा एक मोठा आधार गेला.

प्रश्न: घरातल्या शहाबादी फरशीवर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी आहे. हा वनस्पतीचा जीवाश्म आहे का? (गृहिणी, सोलापूर)

नाही. त्याला डेंड्राइट म्हणतात. खडकाच्या भेगेत शिरलेल्या पाण्यातून मँगनीजची किंवा लोहाची ऑक्साइडं फांद्या फुटल्यासारखी बसत जातात. ओल आलेल्या काचेवर बोटाने ढकललेलं पाणी जसं फुटत जातं, साधारण तसंच.

दहापट भिंग घ्या आणि चार गोष्टी बघा. नक्षीचं मूळ फरशीच्या कडेशी किंवा एखाद्या बारीक चिरेशी असतं. फांद्या एकमेकींना छेदून पलीकडे जात नाहीत, शेजारी आल्या की थांबतात. मधली शीर सलग नसते आणि पानाला ठरावीक कड नसते. चौथी खूण म्हणजे नक्षीला जाडी नसते. ब्लेडच्या टोकाने कोपऱ्यातला ठिपका खरवडला की काळी पूड येते आणि खाली कोरा दगड दिसतो. लिंबू किंवा ॲसिड टाकून बघू नका. हा चुनखडक आहे, फरशीवर कायमचा डाग पडेल.

एक सोपी पडताळणीही आहे. शहाबादचा चुनखडक भीमा खोऱ्यातला, कँब्रियनपूर्व काळातला, म्हणजे ५४ कोटी वर्षांहून जुना. जमिनीवर वनस्पती आल्याचे पहिले पुरावे, म्हणजे बीजाणू, सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. ती फरशी बनली तेव्हा जगात नेचं नव्हतं. पण फरशीवर पाण्याच्या लाटांचे ठसे किंवा बारीक सुरकुत्या असतील तर त्यांच्याकडे नीट बघा. गाळावर सूक्ष्मजीवांची साय असली की पृष्ठभाग हत्तीच्या कातडीसारखा चुणीदार होतो.

प्रश्न: कार्बन डेटिंगने एवढी मोठी वयं कशी काढतात? (अकरावीचा विद्यार्थी, लातूर)

काढतच नाहीत. कार्बन-१४चं अर्धायुष्य ५,७३० वर्षांचं. पन्नास हजार वर्षांनंतर मोजण्याजोगं काही शिल्लकच राहत नाही. शिवाय ३०० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्माचं थेट वय क्वचितच मिळतं. त्याच्या वर-खाली ज्वालामुखीच्या राखेचा थर असेल तर राखेतल्या झिरकॉनचं वय काढतात आणि जीवाश्म त्या दोन वयांच्या मधे बसवतात.

झिरकॉनचा स्फटिक तयार होताना युरेनियम आत घेतो, शिशाला जवळजवळ शिरू देत नाही. त्यामुळे आत जे शिसं सापडतं ते पुढे युरेनियमपासून झालेलं. युरेनियम-२३८चं अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षं, युरेनियम-२३५चं ७०.४ कोटी. एकाच कणात ही दोन घड्याळं चालतात आणि दोघांची वेळ जुळली तरच वय स्वीकारतात. चूक होते ती दोन ठिकाणी. स्फटिकाला तडा जाऊन शिसं निसटलं तर वय कमी येतं. आणि झिरकॉन राखेतला नसून नदीने दुसरीकडून वाहून आणलेला असेल तर त्याचं वय त्या डोंगराचं असतं, थराचं नव्हे. तेव्हा 'थर याहून जुना नाही' एवढंच म्हणता येतं.

विंध्यात हे सगळं घडून गेलं आहे. १९९८ साली डेहराडूनच्या वाडिया संस्थेतले रफत आझमी यांनी तिथल्या चुनखडकातून बारीक कवचांसारखे जीवाश्म काढून दाखवले. तसे जीवाश्म कँब्रियनच्या सुरुवातीचे, म्हणजे सुमारे ५४ कोटी वर्षांचे मानतात. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने त्याच खोऱ्यातल्या वालुकाश्मात कृमींची बिळं दाखवून वय ११० कोटी सांगितलं. दोन्ही एकदम खरं असणं शक्य नव्हतं, आणि आझमींच्या नमुन्यांवर शंकाही घेतल्या गेल्या. २००२ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी राखेतल्या झिरकॉनवरून वय काढलं, ते आलं सुमारे १६३ कोटी. म्हणजे प्राण्यांच्या कवचांचा प्रश्नच मिटला, आणि बिळांचाही.

मग आझमींना मिळालं ते काय होतं? स्वीडनच्या स्टेफान बेंग्टसन यांच्या गटाने चित्रकूटहून नमुने नेले आणि २००९ मध्ये सांगितलं की जीवाश्म खरे आहेत, फक्त शंभर कोटी वर्षांनी जुने आहेत आणि प्राण्यांचे नाहीत. सिंक्रोट्रॉन या कणत्वरक यंत्राच्या क्ष-किरणांनी दगड न फोडता आत बघितल्यावर पेशींच्या माळा दिसल्या. २०१७ साली त्यांतल्या एका शैवालाला नाव दिलं राफाताझ्मिया चित्रकूटेन्सिस, आझमींच्या नावावरून. ते लाल शैवाल असेल तर केंद्रक असलेल्या पेशींचा हा फार जुना नमुना ठरतो. 'असेल तर' मुद्दाम लिहिलं आहे. सर्वांत जुनं निर्विवाद लाल शैवाल म्हणजे कॅनडाच्या उत्तर टोकाकडचं बँगिओमॉर्फा, ते सुमारे १०५ कोटी वर्षांचं.

प्रश्न: गोव्याचं लोहखनिज जीवाणूंनी तयार केलं असं ऐकलं. खरं का? आणि ऑक्सिजन सोडणारे जीवाणू आधीपासून होते तर हवेत ऑक्सिजन इतका उशिरा का आला? (खाण अभियंता, डिचोली)

पहिला भाग अर्धा खरा. डिचोली-सांगे पट्ट्यातलं खनिज ज्या मूळ खडकातून आलं तो तुमच्या रोजच्या बोलण्यातला बीएचक्यू, म्हणजे लोहाचा एक पट्टा आणि सिलिकाचा एक पट्टा असा आळीपाळीने बसलेला समुद्री गाळ. तो २५० कोटी वर्षांहून जुना मानला जातो. रेडीचं आणि गडचिरोलीतल्या सुरजागडचं खनिजही अशाच खडकाशी जोडलेलं आहे. पण विकण्याजोगं खनिज झालं ते फार नंतर, जमिनीवर आल्यावर. पावसाच्या पाण्याने सिलिका धुऊन नेली आणि लोह मागे राहिलं. ते श्रेय जांभा बनवणाऱ्या हवामानाचं आहे.

मूळ पट्ट्यांचं कारण असं. ऑक्सिजन नसलेल्या समुद्रात लोह फेरस रूपात विरघळून राहतं. फेरिक झालं की गंजासारखं खाली बसतं. हे तीन वाटांनी होऊ शकतं: नीलहरित जीवाणूंनी सोडलेल्या ऑक्सिजनने, ऑक्सिजन न सोडता थेट लोह वापरून प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाणूंनी, किंवा अतिनील किरणांनी. म्हणून 'लोहखडक दिसला म्हणजे ऑक्सिजन होता' हा निष्कर्ष घाईचा.

आता उशीर का झाला. हिशेब मांडून बघा. प्रकाशसंश्लेषणात १२ ग्रॅम कार्बनमागे ३२ ग्रॅम ऑक्सिजन सुटतो. पण जीव मेला आणि कुजला की तेवढाच ऑक्सिजन परत खर्च होतो. निव्वळ शिल्लक पडते ती १२ ग्रॅम कार्बन न कुजता गाळाखाली गाडला गेला तरच. त्या ३२ ग्रॅमवरही दुसऱ्यांचा डोळा असतो. एक रेणू ऑक्सिजन चार अणू लोह गंजवतो, म्हणजे ३२ ग्रॅम ऑक्सिजनला २२४ ग्रॅम फेरस लोह पुरतं. किलोला सात किलो. ज्वालामुखींचा हायड्रोजन आणि हायड्रोजन सल्फाइड वेगळेच. हे गिऱ्हाईक थकेपर्यंत हवेच्या वाट्याला काही येत नाही.

हवेत तो आल्याचा सर्वांत चोख पुरावा गंधकाचा. ओझोन नसताना अतिनील किरण गंधकाचे वायू फोडत आणि गंधकाच्या समस्थानिकांत, म्हणजे कमी-जास्त वजनाच्या अणूंत, एक विचित्र प्रमाण तयार होई. ऑक्सिजन आजच्या एक लक्षांश पातळीच्या वर गेला की ती खूण गाळात उतरत नाही. गंधकातली ही खूण जेम्स फार्कर यांच्या गटाने २००० साली दाखवली. खूण २४० ते २३० कोटी वर्षांच्या दरम्यान नाहीशी होते. त्याच सुमारास नद्यांच्या गाळातले पायराइटचे गोटे संपतात, कारण ते आता गंजू लागले, आणि तांबडे वालुकाश्म सुरू होतात.

'ऑक्सिजनमुळे जवळजवळ सगळे जीव मेले' हे वाक्य मात्र पुस्तकातून काढून टाकावं. असा संहार दाखवणारे जीवाश्म कोणी दाखवलेले नाहीत. ज्यांना ऑक्सिजन सोसत नाही ते चिखलात, गुरांच्या पोटात, गोबरगॅसच्या टाकीत आजही मजेत आहेत.

प्रश्न: तंतुकणिका म्हणजे गिळलेला जीवाणू असेल तर तो पचला का नाही? (विज्ञान शिक्षक, चिपळूण)

'गिळला' हाच शब्द अडचणीचा आहे. तंतुकणिकेचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचा) पूर्वज जीवाणू होता यावर वाद उरलेला नाही: दुहेरी आवरण, स्वतःचे रायबोसोम, स्वतःचा गोल डीएनए. माणसात तो १६,५६९ अक्षरांचा असून त्यात ३७ जनुकं उरली आहेत. बाकीची केंद्रकात गेली किंवा हरवली. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये ही मांडणी नेटाने पुढे आणली.

प्रश्न यजमानाचा आहे. तो आर्किया, म्हणजे जीवाणूंसारखे दिसणारे पण वेगळ्या वंशाचे एकपेशीय जीव, या गटातला होता, आणि आपल्याला सर्वांत जवळचे आर्किया २०१५ मध्ये समुद्रतळाच्या गाळातून डीएनएवरून ओळखले गेले. जपानी गटाने त्यांपैकी एक बारा वर्षं खपून प्रयोगशाळेत वाढवला. त्याची संख्या दुप्पट व्हायला १४ ते २५ दिवस लागतात. कोलाय जीवाणूला वीस मिनिटं पुरतात. सूक्ष्मदर्शकाखाली तो भक्ष्य गिळणारा दिसला नाही. बारीक गोळी, तिला लांब फाटे, आणि शेजारच्या दुसऱ्या जीवाला दिलेल्या हायड्रोजनवर चाललेला संसार. म्हणून आता अनेकांचं मत असं की आधी देवाणघेवाण झाली, मग फाट्यांनी वेढणं आणि शेवटी आत घेणं. वर्गात 'गिळला'ऐवजी 'आत सामावला' म्हणा.

प्रश्न: नववीच्या वर्गासाठी या विषयावर हाताने करता येईल असा प्रयोग सुचवा. (शिक्षिका, सातारा)

विनोग्राडस्कीचा स्तंभ करा. खर्च जवळजवळ शून्य, मुदत दोन महिने.

एक लिटरची रुंद तोंडाची पारदर्शक बरणी घ्या. तळ्याच्या किंवा ओढ्याच्या संथ काठावरचा, पाण्याखालचा काळा, वास मारणारा चिखल साधारण ७०० मिलिलिटर आणा. शेतातली माती चालत नाही. काटक्या-खडे काढून तळ्याच्याच पाण्यात श्रीखंडाइतका दाट कालवा. नळाचं पाणी वापरायचंच असेल तर रात्रभर उघडं ठेवा, क्लोरीन उडू द्या. यातल्या एक तृतीयांश चिखलात वर्तमानपत्राचं अर्धं पान बारीक फाडून आणि चहाचा एक चमचा खडूची पूड मिसळा आणि हा थर तळाशी घाला. कागद म्हणजे सेल्युलोज, जीवाणूंचं अन्न. फळ्यावरचा साधा खडू बहुधा जिप्समचा असतो, त्यातून गंधक मिळतं. वर उरलेला चिखल घाला, काडीने टोचून हवेचे बुडबुडे काढा. त्यावर तीन सेंटिमीटर पाणी आणि तेवढीच हवेची जागा ठेवा. तोंडाला प्लास्टिक बांधून टाचणीने दोन भोकं पाडा. घट्ट झाकण लावलं तर वायू साठून बरणी फुटू शकते.

उत्तरेच्या खिडकीत ठेवा. एप्रिलचं थेट ऊन लागलं तर बरणी तापून सगळं मरतं. दुसरी बरणी तशीच भरून काळ्या कागदात गुंडाळा, तुलनेसाठी.

दोन-तीन आठवड्यांत वर हिरवी साय धरते, ती नीलहरित जीवाणूंची आणि शैवालांची. तळ काळा पडतो, तो लोह सल्फाइडमुळे. सहाव्या-आठव्या आठवड्यात मधे जांभळट-लाल डाग उमटतात. हे जीवाणू प्रकाश वापरतात, पण पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड फोडतात आणि ऑक्सिजन सोडत नाहीत. झाकलेल्या बरणीत हिरवा आणि जांभळा दोन्ही दिसत नाहीत.

काही पुस्तकांत गंधकासाठी अंड्याचा बलक सांगतात. एक लिटरला अर्ध्याहून जास्त घातला तर सल्फाइड इतका होतो की वरपर्यंत काळं होऊन बाकी रंग येतच नाहीत, आणि वासाने वर्ग रिकामा होतो. डाग आलेच नाहीत तर बहुतेक वेळा बरणी हलवलेली असते किंवा उजेड कमी पडलेला असतो.

मुलं हमखास एक चूक करतात, ती आधीच सांगून ठेवा. तळाचा थर 'जुना' आणि वरचा 'नवा' असं नाही. सगळे आजचेच जीवाणू आहेत. वरून ऑक्सिजन आणि खालून सल्फाइड, यांच्या प्रमाणानुसार ज्याने त्याने आपली जागा धरली आहे. चिखल हाताळताना हातमोजे वापरा, हाताला जखम असलेल्या मुलाला त्यात हात घालू देऊ नका. प्रयोग संपल्यावर बरणी वर्गात उघडू नका. बाहेर मोकळ्या हवेत न्या, चिखल झाडाच्या आळ्यात ओता आणि वर माती टाका.